बागची शाखा, बडेबाबूंची सही आणि सीटी स्कॅन



बाग म्हटलं की आमच्या पुण्याच्या नातेवाइकांना सारसबाग आठवते. आमची बाग ती नव्हे. धार जिल्ह्यात, कुक्षीच्या अलीकडे, बाघनी नदीकाठचं हे गाव. पूर्वी ग्वाल्हेर संस्थानात होतं, म्हणजे शिंदे सरकारचा मुलूख. अजिंठ्यासारखी बौद्ध लेणी इथे आहेत. त्यांतली चित्रं उतरवून घ्यायला १९२१ साली नंदलाल बोस शांतिनिकेतनातून इथे आले होते. गावातल्या खत्री मंडळींचे लाल-काळे ठसे उमटवलेले कापड तुमच्यापैकी अनेकींच्या कपाटात असेल, तेच हे 'बाग प्रिंट'.

मी मूळचा धारचा. पवारांच्या लष्कराबरोबर माळव्यात आलेल्या घराण्यांपैकी आमचं एक. इंदूरला बी.कॉम. केलं, बँकेत लागलो, आणि १९८४ ते १९८७ अशी तीन वर्षं बागच्या शाखेत काढली. बागच्या आठवणी लिहा म्हणून बऱ्याच जणांनी सांगितलं. लेणी आणि भगोरिया यांवर पुष्कळांनी लिहिलंय. मी आज जरा वेगळं लिहितो, सीटी स्कॅनबद्दल. बाग आणि सीटी स्कॅनचा काय संबंध, ते पुढे कळेल.

आमच्या शाखेत हेडकॅशियर होते, त्यांना सगळे बडेबाबू म्हणत. स्थानिकच होते, वय पंचावन्नच्या आसपास. नोटा मोजण्याचा वेग असा की नजर ठरायची नाही. त्याहून मोठी त्यांची ख्याती म्हणजे सही ओळखण्याची. विड्रॉलचा फॉर्म समोर आला की नमुना-सहीचं कार्ड काढायच्या आधीच ते म्हणायचे, "साहब, ये इनकी नहीं है, इनके लड़के की है." आणि तसंच निघायचं.

१९८६ चा फाल्गुन. होळीआधीचा भगोरियाचा आठवडा. हाटाच्या दिवशी आजूबाजूच्या पाड्यांवरून भिल्ल-भिलाला मंडळी गावात लोटत, ढोल-मांदळ वाजत असत, आणि आमच्या काउंटरवर सकाळपासून रांग. साडेअकराच्या सुमाराला बडेबाबूंच्या हातातलं नोटांचं बंडल खाली पडलं. उचलायला वाकले ते कलंडलेच. उजवा हात लुळा, तोंड एका बाजूला ओढलेलं, बोलायचा प्रयत्न करताहेत पण शब्द फुटत नाहीत.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर भला माणूस. लगेच आले, रक्तदाब बघितला, म्हणाले, "लकवा आहे. पण डोक्यातली नस फुटली आहे की नसेत गाठ अडकली आहे, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. दोन्हींची लक्षणं सारखीच दिसतात."

जीप मिळायला दीड तास गेला. टांडा, राजगढ, सरदारपूर, धार करत इंदूरला पोचेस्तोवर रात्र पडली. धारपर्यंतच शंभरेक किलोमीटर, पुढे इंदूर आणखी साठच्या वर, आणि तेव्हाचे रस्ते! तिथल्या डॉक्टरांनीही नीट तपासलं, पाठीच्या मणक्यातून पाणी काढून बघितलं. मेंदूचा फोटो काढायचं यंत्र आता निघालंय, पण त्यासाठी मुंबईला न्यावं लागेल, असं म्हणाले. त्या अवस्थेत मुंबई कुणी नेणार? अंदाजावर औषधं सुरू झाली.

बडेबाबू वाचले. उजवा हात मात्र गेला. नोकरीही सुटली. काही महिन्यांनी पैसे काढायला मुलाच्या खांद्याचा आधार घेऊन शाखेत आले. ज्यांनी पंचवीस-तीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या, त्यांची स्वतःची सही आता जुळत नव्हती. नियमाप्रमाणे मी डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला, साक्षीदाराची सही घेतली. शाईचं पॅड पुढे सरकवताना ते माझ्याकडे बघत नव्हते, मीही त्यांच्याकडे बघितलं नाही. पुढे त्यांनी नातवाच्या पाटीवर डाव्या हाताने गिरवायला सुरुवात केली. वर्षभराने आले ते नवी नमुना-सही द्यायला. वाकडीतिकडी, पण सही! मी ते कार्ड स्वतः फाइलला लावलं.

"नस फुटली की गाठ अडकली?" हा त्या डॉक्टरांचा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. पुढे निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा याविषयी बरंच वाचलं, डॉक्टर मंडळींना विचारलं. माझ्यासारख्या कॉमर्सवाल्याला जेवढं समजलं तेवढं सांगतो.

हे यंत्र काढलं इंग्लंडच्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंजिनिअरने. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा, डॉक्टरेट वगैरे काही नाही. नोकरी ईएमआय कंपनीत. ईएमआय म्हटलं की आम्हा बँकवाल्यांना कर्जाचा हप्ता आठवतो, पण ही रेकॉर्डवाली कंपनी. आपल्या घरातल्या नाट्यगीतांच्या तबकड्यांवर भोंग्यासमोर बसलेला कुत्रा असायचा ना, त्या एचएमव्हीची मालक. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. मेंदूत गाठ असल्याचा संशय होता, आणि ती गाठ चित्रात दिसली. १९७९ साली हाउन्सफील्ड आणि याचं गणित स्वतंत्रपणे मांडणारे ॲलन कॉरमॅक, दोघांना नोबेल मिळालं.

यात नवं काय होतं? साध्या एक्स-रेत किरण शरीरातून आरपार जातात आणि वाटेत जे जे लागलं त्या सगळ्याची मिळून एक सावली पडते. म्हणजे खात्यातल्या नोंदी नाहीत, नुसती बेरीज. मेंदूच्या बाबतीत तर कवटीच एवढी दाट की आतलं काही कळतच नाही. सीटीमध्ये किरणांचा दिवा रुग्णाभोवती गोल फिरतो आणि प्रत्येक कोनातून अशा बेरजा घेत जातो. मग संगणक त्या बेरजांवरून उलटा हिशेब करून मूळ नोंदी शोधतो.

कागद-पेन्सिल घ्या. चार चौकटी आखा, वर दोन, खाली दोन. आडव्या बेरजा ५ आणि ९. उभ्या बेरजा ४ आणि १०. एवढ्यावर चार आकडे ठरत नाहीत, उत्तरं अनेक निघतात. पण वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंतची तिरकी बेरीज ७ आहे असं कळलं, की संपलं. वर १ आणि ४, खाली ३ आणि ६. दुसरं उत्तरच नाही. एक जादा कोन मिळाला आणि आतलं सगळं उघडं पडलं. सीटी स्कॅन म्हणजे हेच, फक्त चौकटी जास्त. हाउन्सफील्डच्या पहिल्या चित्रात ८० गुणिले ८०, म्हणजे ६,४०० चौकटी होत्या. आज एका चित्रात साधारणपणे ५१२ गुणिले ५१२, म्हणजे २,६२,१४४. आणि एका तपासणीत अशी शेकडो चित्रं.

प्रत्येक चौकटीला एक आकडा मिळतो, त्याला हाउन्सफील्डचंच नाव दिलंय. पाण्याचा आकडा शून्य, हवेचा उणे १,०००. मेंदूचा साधारण ३० ते ४०. ताज्या साकळलेल्या रक्ताचा ६० ते ८०. म्हणून कवटीच्या आत रक्तस्राव झाला असेल तर तो राखाडी मेंदूत पांढरा शुभ्र उठून दिसतो. बागच्या डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर या दोन आकड्यांच्या फरकात होतं.

त्याआधी मेंदू बघायचा म्हणजे पाठीतून हवा सोडून, ती वर डोक्यात चढवून एक्स-रे काढत. रुग्णाला त्याने भयंकर डोकेदुखी व्हायची. पोटातलं दुखणं कळेना तर 'उघडून बघू' म्हणायचे, आणि खरंच उघडून बघायचे. आता न कापता, न टोचता आत बघता येतं. २००५ च्या जानेवारीत इजिप्तच्या तुतनखामनच्या ममीचाही सीटी काढला, तीन हजारांहून जास्त वर्षांचा राजा! आमच्या बागच्या परिसरात काही घरांत गोल दगड कुलदैवत म्हणून पुजत होते, ते डायनासोरच्या अंड्यांचे जीवाश्म निघाले, हे तुम्ही पेपरात वाचलं असेलच. बाहेरून बघून आत काय आहे ते सांगता येत नाही, दगडाचंही नाही आणि माणसाचंही नाही.

आता दुसरी हकीकत, डिसेंबर २०१८ ची. भाच्याच्या लग्नासाठी आम्ही दोघं धारला थोरल्या भावाच्या घरी उतरलो होतो. कडाक्याची थंडी. सकाळी पावणेसातला आमच्या सौ.च्या हातातला चहाचा कप निसटला. "अगं, काय झालं?" म्हणून बघतो तर ओठ एका बाजूला उतरलेला. शब्द जड. उजवा हात वर उचल म्हटलं तर अर्ध्यावरून खाली पडला.

पुतणी फिजिओथेरपिस्ट आहे. ती धावत आली आणि पहिला प्रश्न काय विचारला असेल? "काका, काकू शेवटच्या अगदी ठणठणीत कधी दिसल्या? वेळ लिहून ठेवा." मी म्हटलं, साडेसहाला माझ्याशी नीट बोलत होती. तिने ते हातावरच पेनने लिहिलं. वहिनी म्हणत होत्या, जरा साखरपाणी देऊ, तळपायाला तेल चोळू. पुतणी म्हणाली, "काकूंना काही खायला-प्यायला देऊ नका, घास श्वासनलिकेत जाईल. आणि इथे कुठे दाखवत बसायचं नाही. जिथे सीटी चोवीस तास चालू आहे आणि मेंदूचा डॉक्टर आहे, तिथेच थेट." वाटेतून तिने इंदूरच्या हॉस्पिटलला फोन करून ठेवला.

चौपदरी रस्ता, सव्वाआठला पोचलो. फोन झालेला होता म्हणून स्ट्रेचर दारातच. मी केसपेपरवर नाव-गाव लिहीपर्यंत तिला सीटीच्या खोलीत नेलंसुद्धा. लोखंडाची मोठी कडी असावी तसं यंत्र, त्यातून टेबल आत-बाहेर सरकतं. मेंदूच्या साध्या स्कॅनला मिनिटसुद्धा लागलं नसेल. डॉक्टर पंजाबी होते. पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "अंकलजी, देखिए, सफ़ेद कुछ नहीं है. ब्लीडिंग नहीं है." मग शिरेतून औषध सोडून मानेच्या आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा दुसरा स्कॅन केला. त्यात एक बारीक फांदी मध्येच संपलेली दिसली. तिथे गाठ होती.

नऊ वाजून पाच मिनिटांनी गाठ विरघळवणारं इंजेक्शन सुरू झालं. म्हणजे त्या हातावर लिहिलेल्या वेळेपासून दोन तास पस्तीस मिनिटांत. हे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच द्यायचं असतं, आणि जितकं लवकर तितका गुण जास्त. आणि रक्तस्राव असताना तेच दिलं तर जीवच जाईल. म्हणून आधी सीटी, मग इंजेक्शन. संध्याकाळपर्यंत तिची बोटं हलायला लागली. तिसऱ्या दिवशी तिने मला कसला तरी हिशेब विचारला, तेव्हा मी समजलो की गाडी रुळावर आली. पुढे चार महिने व्यायाम चालला. आज पोळ्या लाटते, आणि बँकेतली तिची सही जुळते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. १९८६ साली बागला सीटी असतं तर बडेबाबूंचा हात वाचला असता का? तर नाही. लकव्यासाठी ते इंजेक्शन उपयोगी पडतं हे १९९५ साली सिद्ध झालं. तेव्हा निदान कळलं असतं, अंदाजाचा उपचार टळला असता, एवढंच. आणि इंजेक्शनही सगळ्यांना लागू पडतं असं नाही. आमच्या नशिबाने पडलं. पण आज यंत्र आहे, औषध आहे, मग कमी कशाची पडते? वेळेची. मोठी वाहिनी बंद झाली की दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा हिशेब एका तज्ज्ञाने मांडलाय. आम्ही बँकेत दंडव्याज दिवसावर लावायचो, इथे ते मिनिटावर लागतं.

नव्या यंत्रांबद्दल थोडं. जाहिरातीत ६४ स्लाइस, १२८ स्लाइस असं वाचतो आपण. स्लाइस म्हणजे एका फेरीत शरीराचे किती काप टिपले जातात तो आकडा. पूर्वी दिवा एक फेरी मारायचा, थांबायचा, टेबल पुढे सरकायचं, पुन्हा फेरी. १९८९ च्या सुमाराला मळसूत्रासारखी सलग फेरी आली. १९९८ ला एका वेळी चार काप, २००४ ला ६४. त्यामुळे रुग्णाला फार वेळ श्वास रोखावा लागत नाही. धाप लागलेल्या म्हाताऱ्या माणसाचा आणि हातपाय हलवणाऱ्या पोराचाही स्कॅन होतो. धडधडणाऱ्या हृदयाच्या वाहिन्या, मांडीतून किंवा मनगटातून नळी न घालता बघता येतात. मोठी रक्तवाहिनी तुंबली असेल तर मेंदूचा कुठला भाग अजून वाचण्यासारखा आहे, हे सीटीवर बघून निवडक रुग्णांची गाठ चोवीस तासांपर्यंतही नळीने काढता येते. २०२१ च्या सप्टेंबरात अमेरिकेत फोटॉन मोजणाऱ्या सीटीला मान्यता मिळाली. ते किरणांचा एकेक कण मोजतं. आम्ही रोकड बंडलावर न मोजता एकेक नोट मोजायचो, तसं. चित्र जास्त स्पष्ट मिळतं आणि किरणं कमी पुरतात.

पण खात्याला दोन बाजू असतात. सीटीत एक्स-रे किरणं असतातच. डोक्याच्या एका स्कॅनला साधारण २ मिलिसिव्हर्ट, म्हणजे जमिनीतून, आकाशातून वर्षभरात आपल्या अंगावर जेवढी नैसर्गिक किरणं येतात जवळजवळ तेवढी. पोटाच्या स्कॅनला त्याच्या तीन-चारपट. लकव्याच्या रुग्णाच्या बाबतीत हा खर्च नगण्य, फायदा आयुष्याचा. पण 'मनाच्या समाधानासाठी एक काढून ठेवू' हे नको. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत साधा खोकला झाला तरी लोक छातीच्या सीटीसाठी रांगेत उभे होते, तेव्हा एम्सच्या संचालकांना सांगावं लागलं होतं की सौम्य आजारात हे करू नका.

आता कामाच्या गोष्टी, विशेषतः माझ्या वयाच्या मंडळींसाठी.

तोंड वाकडं होणं, हात गळणं, जीभ जड होणं, एकाएकी एका डोळ्याला न दिसणं, यांतलं काहीही झालं तर आधी घड्याळ बघा आणि माणूस शेवटचा ठणठणीत कधी होता ते लिहा. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं तर झोपायला गेल्याची वेळ सांगा. दहा मिनिटांत बरं वाटलं तरी जायचंच, ती पुढच्या झटक्याची नोटीस असू शकते.

पहिला सीटी नॉर्मल आला म्हणजे लकवा नाही, असं समजू नका. अडकलेली गाठ सुरुवातीच्या तासांत साध्या स्कॅनवर बऱ्याचदा दिसत नाही. रक्तस्राव नाही एवढं कळणं हेच त्या वेळी मोलाचं.

शिरेतून औषध देणार असतील तर मूत्रपिंडाचा त्रास, पूर्वीची ॲलर्जी आणि मधुमेहाच्या गोळ्या यांबद्दल आपण होऊन सांगा. तरुण बाई असेल तर दिवस गेलेत का तेही. जुन्या फिल्म आणि रिपोर्ट फेकू नका. पासबुकासारखे तारीखवार लावून ठेवा, म्हणजे पुन्हा पुन्हा स्कॅन काढावा लागणार नाही.

सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान कार्ड मिळतं. 'आम्हाला काय गरज' म्हणून मागे राहू नका.

बागला अजून जाणं होतं, ठशांचं कापड आणायला. पूर्वी दिवस खाणारा तो प्रवास आता काही तासांचा झालाय. तरी टांड्याच्या पुढच्या पाड्यावर पहाटे कुणाचा हात लुळा पडला, तर त्याच्या साडेचार तासांतले किती रस्त्यावरच जातील, हा हिशेब मी दर खेपेला गाडीत बसून करतो. पाड्यावरचा माणूस तो हिशेब बदलू शकत नाही. आपण शहरातली माणसं निदान आपल्यापुरता करू शकतो. तुमच्या घरापासून चोवीस तास सीटी चालू असलेलं हॉस्पिटल कोणतं, तिथे पोचायला किती वेळ लागतो, आणि १०८ सोडून दुसरा कुठला नंबर लावायचा, हे आजच एका कागदावर लिहा. तो कागद पाकिटात नको, फ्रिजवर लावा. घरात त्या वेळी कोण असेल, सांगता येत नाही.